एल गिअरमध्ये वाटलेल्या पत्रिका

अंबरनाथहून उल्हासनगर आणि मग बदलापूर, हा प्रवास मी दोन दिवसांत, एकाच गिअरमध्ये केला. गिअर चुकीचा होता. गाडी माझी नव्हती. आणि नंतर जे बोललो, तेही खरं नव्हतं. लोक दूरदूरचे देश बघून येतात आणि मग लिहितात. मी लोकलच्या दोन-चार स्टेशनांइतक्या मुलखावर लिहितोय, कारण इतक्या थोड्या अंतरात एवढा घोळ घातलेला दुसरा प्रवासी माझ्या माहितीत नाही.

मी मुळात कमी बोलणारा. मोरिवलीच्या एका कंपनीत बाटल्यांची झाकणं तपासायचं काम करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. न बोलणाऱ्या माणसाला लोक खरं बोलणारा समजतात. माझं निम्मं आयुष्य या गैरसमजावर आरामात गेलं.

भाचीचं, पूर्वाचं, लग्न ठरलं. ताई आणि दाजी अंबरनाथला राहतात, मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. आमच्याकडे पत्रिका अजून हातात द्यावी लागते. फोनवर फोटो पाठवला तर तो निरोप झाला, आमंत्रण नव्हे. घरी जायचं, कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या, बसायचं, समोर येईल ते खायचं. हे सगळं दाजी करणार होते, पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी काही आठवडे गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसले होते आणि एखादं राज्य सोडून द्यावं तशा चेहऱ्याने त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"ऑटोमॅटिक चालवलीय ना?"

"हो."

नव्हती चालवली. कंपनीची जुनी व्हॅन चालवली होती, क्लच दाबून, गिअर बदलून. पण पूर्वा तिथेच उभी होती आणि लग्नात मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा. जो मामा गाडी चालवू शकत नाही तो मुलीला काय चालवत आणणार, असं काहीतरी मनात आलं आणि तोंडातून 'हो' निघून गेलं.

पहिला दिवस: शिवमंदिर आणि मोरिवली

पार्किंगमध्ये बसून मी दांडा नीट पाहिला. त्याच्या शेजारी वरून खाली अक्षरं: पी, आर, एन, डी, एल. पी म्हणजे पार्किंग, आर म्हणजे रिव्हर्स, एन म्हणजे न्यूट्रल, इथवर मी पोचलो. पुढे डी आणि एल. मी हिशोब लावला तो व्हॅनचा. व्हॅनमध्ये पहिला गिअर रडका, दुसरा बरा, आणि शेवटचा सगळ्यात पळणारा. इथे शेवटचा एल. मी दांडा पार खाली ओढला.

गाडी निघाली. ताई शेजारी, मांडीवर पत्रिकांची पिशवी, पिशवीवर कुंकवाची आणि अक्षतांची अशा दोन डब्या.

"किती दमदार आवाज आहे रे हिचा," ताई म्हणाली. "हे चालवतात तेव्हा कळतच नाही चालू आहे की बंद."

"दाजी फार हळू चालवतात," मी म्हणालो.

पहिली पत्रिका देवाला. शिवमंदिराच्या पायऱ्या उतरून ताईने गाभाऱ्यात पत्रिका, विडा आणि नारळ ठेवला. डोळे मिटून ती बराच वेळ पुटपुटत होती, भटजी मध्येच गोत्र विचारून गेले. मीही हात जोडले. लोक अशा जुन्या दगडी देवळात काय काय मागतात. मी फक्त समोरून बस येऊ नये एवढंच मागितलं. परतताना वालधुनी नदीचा वास गाडीत शिरला म्हणून काच वर केली, तेव्हा कळलं की थोडा वास गाडीचाच होता.

एलमध्ये गाडी कशी चालते, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाय दाबला की ती ओरडते, पण त्या मानाने पळत नाही. काटा वर चढत जातो आणि वेग चाळिशीशी येऊन रेंगाळतो. आणि पाय उचलला की मागून कोणीतरी शर्टाला धरून खेचावं तशी गाडी जागच्या जागी अडखळते. त्या प्रत्येक अडखळण्याला अक्षता डबीतून उडून समोर पडत. ताई त्या एक एक वेचून परत भरी. "देवाच्या अक्षता, पायाखाली यायला नकोत," म्हणे. तिसऱ्या सिग्नलनंतर तिने वेचणं सोडलं आणि डबीवर तळहात ठेवून बसली.

मोरिवलीत आमची यमूआत्या. मी रोज कंपनीच्या गेटपर्यंत जातो, पण जुन्या गावठाणात पाय ठेवून वर्ष झालं असेल. एका बाजूला कंपन्यांच्या भिंती, मध्येच एक गल्ली आत वळते आणि तिथे कोंबड्या, तुळस, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. मी त्या गल्लीत शिरलो आणि दोन्ही बाजूंच्या दारांतून बायका हंडे घेऊन बाहेर आल्या.

"टँकर कुठाय?" एकीने विचारलं.

"टँकर नाय, ही गाडीच हाय," दुसरी म्हणाली. "आवाज बघ ना कसा करते! मी चुलीवरचा भात टाकून धावले."

"मग पानी नाय?"

"पत्रिका आहे," ताई काचेतून म्हणाली. बायका हसत हंडे घेऊन आत गेल्या. त्यातल्या एकीने जाता जाता मला नीट न्याहाळलं. पाणी न आणणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

आत्याने ताक दिलं, शेंगदाण्याचे लाडू दिले, आणि नवरामुलगा काय करतो ते दोनदा विचारलं. मग मला म्हणाली, "तू गप्पच असतोस. बरंय. गप्प माणूस खोटं बोलत नाही." मी लाडू तोंडात कोंबला.

त्याच दुपारी: उल्हासनगर

उल्हासनगरात पाच पत्रिका होत्या. ज्यांच्याकडून साड्या घेतल्या त्या सिंधी दुकानदारांकडे आम्ही आधी गेलो. घर दुकानाच्या वरच. आपल्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देतात, त्यांच्याकडे पाण्याबरोबर भाजलेला पापड येतो. मला ही पद्धत फार आवडली. पापड खाताना बोलावं लागत नाही. मग दाल-पकवान आलं. सकाळचा नाश्ता दुपारी कशाला, असं आम्ही म्हणतोय तोवर मालकीणबाईंनी वरून कांदा भुरभुरवलाही.

खाली सोडायला आलेले शेठ गाडी सुरू झाल्यावर दोन पावलं मागे सरकले. "भाई, ये कार है कि डंपर?"

फर्निचर बाजाराच्या गर्दीत गाडीसमोर लाल दिवा लागला. थर्मामीटर पाण्यात बुडवल्यासारखं चित्र. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि लिंबू-सोडा मागवला. बॉनेटखाली काय बघायचं असतं ते मला माहीत नाही. पण रस्त्यात बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने उभं राहिलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. अर्ध्या तासाने दिवा गेला.

शेवटची पत्रिका परसूभाईंची. परसूभाई म्हणजे दाजींचे मेकॅनिक. साठी ओलांडलेले, सिंधी, पूर्वा फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून दाजींच्या गाड्या त्यांच्याकडे. पूर्वाला स्कूटर त्यांनीच शिकवली, गॅरेजपुढच्या रस्त्यावर, मागे पळत पळत. आठवड्यापूर्वीच दाजींच्या या गाडीचं सर्व्हिसिंग करून देताना त्यांनी विचारलं होतं, "कार्ड कब आ रहा है?" आम्ही पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं. शेजारचा म्हणाला, पार्ट आणायला कल्याणला गेलेत.

"शेजारी ठेवायची नाही," ताई म्हणाली. "परसूभाईंच्या हातातच द्यायची. परत येऊ."

ती पत्रिका पिशवीत राहिली. तिच्यावर दाजींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'श्री. परसूभाई, सहकुटुंब, सहपरिवार'.

दुसरा दिवस: बेलवली

बदलापूरच्या वाटेवर मला ओलांडून गेलेल्यांची यादी देता येईल: मांडवाचे बांबू नेणारा टेम्पो, शाळेची बस, एक आजोबा स्कूटरवर. एक रिक्षावाला बराच वेळ शेजारून चालला आणि मग वाकून म्हणाला, "काका, गाडीला दुखतंय काय?"

"काय म्हणाला?" ताईने विचारलं.

"रस्ता विचारत होता."

बदलापूर मी पाहिलं होतं तेव्हा शेतं होती, आता इमारतींच्या मध्ये इमारती आहेत आणि त्यांच्या मध्ये नवीन इमारतींचे बोर्ड. बेलवलीत दाजींचे चुलतभाऊ राहतात. पोहे झाले, पोह्यांवर ओलं खोबरं होतं, ताईने पाककृती विचारली, त्यांच्या बायकोने सांगितली नाही. निघताना त्यांची सून नेहा खाली सोडायला आली. तिची स्वतःची तशीच गाडी आहे, ती रोज कामाला घेऊन जाते. ताई अजून लिफ्टपाशी चुलतजावेशी बोलत होती. मी गाडी चालू केली, दांडा सवयीने खाली ओढला. नेहा काचेशी वाकली.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "एलमध्ये आहे गाडी."

"हो."

"नेहमी डीमध्ये ठेवायची ना. एल उतारासाठी, नाहीतर खूप चढ असेल तर."

"माहितीये. मुद्दाम ठेवलीय. पुढे चढ आहे."

बेलवली तळहातासारखी सपाट आहे. नेहाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चढ कुठे दिसेना. "बरं," ती म्हणाली आणि मागे सरकली. त्या मुलीने ताईसमोर हे काढलं नाही, याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. आणि त्याच वेळी तिने ताईसमोरच काढलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग पुढचं काही घडलंच नसतं.

कोपरा वळल्यावर मी दांडा एक घर वर सरकवला. गाडी गप्प झाली. इतकी गप्प, की बाहेरच्या भाजीवालीचा आवाज आत आला. पाय उचलला तरी ती सरळ तरंगत पुढे.

ताई दचकली. "बंद पडली का रे?"

"नाही. चालू आहे."

"मग आवाज कुठे गेला?"

"सेट झाली आता."

परतीचा सगळा प्रवास असा झाला, आणि त्यातल्या एकाही मिनिटाचं सुख मला लागलं नाही.

संध्याकाळी दाजी जिन्याशीच उभे होते. चष्म्यामागून त्यांनी पेट्रोलचा काटा बघितला, बॉनेटवर हात ठेवला, नाक पुढे करून वास घेतला. "दोन दिवसांत टाकी रिकामी? आणि जळका वास कसला येतोय?"

त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. हे मी लपवत नाही, कारण हे लिहिण्याचं कारणच ते आहे. ताई काही बोलायच्या आत मी म्हणालो, "कालपासून आवाज करतेय. मध्येच लाल दिवाही लागला. गेल्या आठवड्यातच सर्व्हिसिंग झालंय ना? ऑइल-बिल नीट टाकलं नसेल त्यांनी."

"अगदी ट्रकसारखा आवाज होता हो," ताई म्हणाली. तिने खरंच तेवढंच ऐकलं होतं.

दाजी रागावले की ओरडत नाहीत, त्यांचा आवाज खाली जातो. "परसूने असं करावं," ते म्हणाले. "आता वय झालं त्याचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला तरी सांगून गाडी गॅरेजला पाठवली, काय चुकलं ते शोध म्हणून. आणि ताईला म्हणाले, "त्याची पत्रिका राहू दे." ताईने ती पिशवीतून काढून माझ्याकडे दिली. माझ्या शर्टाच्या खिशात ती पाच दिवस होती. शर्ट बदलला तरी मी ती काढून नव्या खिशात ठेवत होतो. का, ते विचारू नका.

पुन्हा उल्हासनगर

आठवड्याच्या शेवटी दाजींनी मला गाडी आणायला पाठवलं. "घेऊन ये. आणि परसूला सांग, आता आम्ही दुसरीकडे बघू."

मी रिक्षाने गेलो. गॅरेजचा पत्र्याचा बोर्ड लांबून दिसतो. त्यावर मोठ्या अक्षरात 'सब प्रकार की कार' आणि खाली लाल रंगात 'ऑटोमॅटिक भी' असं होतं. आता खालची ओळ नव्हती. तिथे पांढऱ्या रंगाचा ताजा पट्टा होता, कडेने ओघळलेला.

परसूभाई स्टुलावर बसले होते. उठून त्यांनी चहा सांगितला. "मामा, देखो." एका पांढऱ्या फडक्यावर त्यांनी तेलाचे दोन थेंब पाडून दाखवले. "तेल साफ. दोन वेळा काढलं, दोन वेळा भरलं. फिल्टर बघितला. चालवून बघितली, आवाज नाही. मुझे कुछ मिलता नहीं."

"मग ठीकच असेल."

"ठीक कैसे? दाजी खोटं बोलणार? तुम्ही खोटं बोलणार?" ते हसले, पण नीट हसले नाहीत. "इसका मतलब एकच. माझ्या हातून काहीतरी राहिलं आणि ते मलाच दिसत नाही. म्हणून ते बोर्डवरचं पुसलं. जे समजत नाही त्याला हात नाही लावायचा."

मी चहा संपवला. किल्ली घेतली. दाजींचा निरोप सांगायचा होता, तो गिळला. गाडीत बसलो. कमी बोलणाऱ्या माणसाला निघून जाणं फार सोपं असतं, कोणी हटकत नाही. दांडा पीवर होता आणि माझा हात त्याच्यावर. परसूभाई काचेशी आले. त्यांच्या हातात स्पार्क प्लगचं छोटं खोकं होतं.

"एक बात समझ नहीं आई," ते म्हणाले. "एसीच्या जाळीत तांदूळ होते. हळद-कुंकू लावलेले. अक्षता फेकत नाहीत ना तुमच्यात, म्हणून जमा करून ठेवले."

माझ्या तोंडून आवाज निघाला, तो गाडीपेक्षा काही बरा नव्हता. "परसूभाई, मी एलमध्ये चालवली."

"किधर? चढाव पे?"

"नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. सगळीकडे. दोन दिवस."

"पूरा रास्ता एल में?"

"बेलवलीपर्यंत. मला वाटलं शेवटचा गिअर म्हणजे सगळ्यात वेगाचा."

 परसूभाई खिशातलं फडकं काढून बोटं पुसत राहिले, एक एक बोट. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो कोणीच विचारू नये अशी माझी पाच दिवसांची प्रार्थना होती.

"पता कब चला?"

"बेलवलीला."

"मतलब दाजीको बोला, तब मालूम था."

"हो."

"हां," ते म्हणाले.  मग शिकवतात तशा आवाजात, पूर्वाला स्कूटर शिकवली असेल तशा, बोलू लागले. "एल घाटात उतरायला असतो. गाडी खाली पळते, इंजिन तिला धरून ठेवतं, ब्रेक वाचतो. सपाट रस्त्यावर तुम्ही पळवताय आणि इंजिन धरून ठेवतंय. तेल तापणार, पेट्रोल पिणार, बोंब मारणार. पण गाडी मरत नाही, मामा. गाडीला काय झालं नाही." आणि शेवटी, "मैं पाँच दिन सोया नहीं."

मी खिशातली पत्रिका काढली आणि दाजींनी ती थांबवली होती हेही सांगितलं. घामाने तिचा कोपरा मऊ झाला होता. त्यांनी नाव वाचलं, हात पुढे केला नाही.

"ज्याने थांबवली त्याच्या हातून घेणार."

आणि शटर खाली ओढून, हात धुऊन, ते माझ्या शेजारी येऊन बसले. मांडीवर तांदळाचं खोकं. "चलाओ."

अंबरनाथ किती जवळ आहे! दाजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि माझ्या हाताने आपण होऊन दांडा पार खाली ओढला. या वेळी मला नीट माहीत होतं काय करतोय ते. तेवढीच दहा मिनिटं जास्त. इंजिन ओरडू लागलं. परसूभाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांचा काळवंडलेला हात आला, दांडा एक घर वर सरकवला आणि परत मांडीवर गेला.

दाजींसमोर मी उभ्यानेच सगळं सांगितलं. 'हो' म्हणालो तिथपासून. मी एका दमात इतकं बोललेलं ताईने आयुष्यात ऐकलं नव्हतं. मध्येच ती "अग बाई, मग तो आवाज..." म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली, रागाने की हसू दाबायला, ते कळलं नाही. येताना तिच्या हातात कुंकवाची कुयरी होती. परसूभाईंनी खोकं पुढे केलं, तिने त्यातल्याच अक्षता तबकात घेतल्या.

दाजी म्हणाले, "परसू, मी तुला विचारायला हवं होतं."

"मी पण बोर्ड पुसायला नको होता," परसूभाई म्हणाले.

दाजींनी स्वतः कुंकू लावलं. एका डोळ्याने अंदाज चुकला आणि ते भुवईवर लागलं. परसूभाईंनी ते तसंच ठेवलं आणि पत्रिका दोन्ही हातांनी घेतली. मग दाजी माझ्याकडे वळले. "गाडी खाली नीट लाव जा." मी निघालो तर म्हणाले, "थांब. परसू लावेल."

त्यानंतर लग्नापर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. ती किल्ली आजवर माझ्या हातात आलेली नाही.

बोर्डवर 'ऑटोमॅटिक भी' परत आलं. पांढऱ्या पट्ट्यावर लाल रंग नीट बसला नाही, म्हणून ती ओळ आता वरच्या ओळीपेक्षा जास्त दिसते. आणि परसूभाई पोटात काही ठेवणारे नाहीत. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये निम्मे पाहुणे मला बघून डाव्या हाताने दांडा ओढल्याचा अभिनय करत होते.

भटजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी पूर्वाचा हात धरला. दारापासून बोहल्यापर्यंत ते काय अंतर, पण सगळे बघत होते. पुढच्या रांगेत परसूभाई, कपाळावर या वेळी मधोमध कुंकू. त्यांच्या शेजारी दाजी. मी एक एक पाऊल रेंगाळत टाकू लागलो. भटजी घड्याळ बघू लागले.

मुंडावळ्यांच्या आडून पूर्वा हळूच म्हणाली, "मामा, आता डी टाका."